चार नंबरचा पट्टा

१

घरात मला सगळे ‘वेळापत्रक’ म्हणतात. नाव ताईनं पाडलं, आणि मला ते मनातून आवडायचं.

पेशानं मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर अर्ध्या मिलिमीटरची मापं घ्यायची आणि संध्याकाळी तीच खोड विमानांच्या वेळांवर भागवायची, असा माझा क्रम. नात्यातल्या कुणालाही कुठे जायचं असलं की फोन मला येतो. मग मी एका कंपनीचं अर्ध्या वाटेचं तिकीट काढतो, उरलेल्या वाटेचं दुसऱ्या कंपनीचं. मधल्या विमानतळावर उतरायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, बाहेर पडायचं, वरच्या मजल्यावर जाऊन पुन्हा नव्यानं काउंटरला उभं राहायचं. यात एकच मेख असते. तिकिटं वेगळी असली की पहिल्या विमानाला उशीर झाला तरी दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. तुम्ही वेळेत आलात तर प्रवासी, नाही आलात तर कुणीच नाही.

अकरा वर्षांत माझं एकही विमान चुकलं नव्हतं. हे मी न विचारताही सांगायचो.

ताईच्या पोटातली गाठ काढायचं ठरलं तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, “आत जायच्या आधी तुम्ही दोघं एकदा समोर दिसा म्हणजे झालं.” ऑपरेशन सकाळी आठला. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचणार होतो. मधल्या विमानतळावर मी जवळजवळ तीन तास ठेवले होते.

“पुरतील ना रे?” दादानं विचारलं होतं.

“तू रांगत गेलास तरी पुरतील,” मी म्हणालो, आणि तो हसला.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानं कॉलेज सोडलं आणि छापखान्यात मशीनवर उभा राहिला, तो पस्तीस वर्षं उभाच होता. त्यात डावा गुडघा कामातून गेला. माझं शिक्षण, ताईचं लग्न, सगळं त्या गुडघ्यावर झालं. आमच्याकडे हे कुणी बोलून दाखवत नाही. दादा तर नाहीच.

२

पहिलं विमान निघालंच उशिरा. उतरल्यावरही जागा मिळेना म्हणून पंचवीस मिनिटं धावपट्टीच्या कडेला उभं राहिलं. वर जाऊन काउंटर गाठायला माझ्याकडे तीन तासांतली वीस मिनिटं उरली होती.

आमचं सामान चार नंबरच्या पट्ट्यावर येणार होतं. खरं तर सामान म्हणजे दादाची ती एक मोठी बॅग. माझ्या पाठीवर सॅक होती. पट्टा रिकामाच फिरत होता. त्याच्या रबराची एक पाती फाटली होती. ती वळणावर आली की ‘टक्’ असा आवाज यायचा, मग बराच वेळ नुसती घरघर, मग पुन्हा ‘टक्’.

“दादा, तू इथे बस,” मी त्याला पट्ट्यासमोरच्या लोखंडी खुर्चीवर बसवलं. “बॅग आली की घे आणि बाहेर ये. मी वर जाऊन काउंटर थांबवतो.”

“माझा फोन तुझ्याकडे आहे ना?”

फोन, चष्मा, ओळखपत्र, सगळं माझ्या सॅकमध्ये होतं. हरवेल म्हणून मीच घेतलं होतं. “राहू दे माझ्याकडेच. कुठे हलू नकोस, बस्स.”

“तू जा, जा,” तो म्हणाला. “पळ.”

बाहेरच्या दारावर पाटी होती, एकदा बाहेर पडलेल्याला परत आत येता येणार नाही. ही पाटी मी शंभर वेळा वाचली आहे. तेव्हाही वाचली.

वर काउंटरवरच्या मुलीनं आधी घड्याळ पाहिलं, मग मला. “दोन मिनिटांत बंद करतेय, सर. तुमच्या बुकिंगवर दोघं दिसताहेत. दुसरे कुठे आहेत?”

“येताहेत. खाली बॅगेसाठी थांबलेत.”

“समोर नसतील तर नाही देता येणार मला. तुम्ही एकटे जाताय की थांबताय?”

मी जिन्याकडे पाहिलं. लिफ्टचं दार उघडलं, त्यातून कुणी भलतंच बाहेर आलं.

पुढच्या विमानांत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागा नव्हती, हे मला ठाऊक होतं. निदान एकानं तरी ताईसमोर उभं राहायला हवं, हेही खरं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ताई नव्हती. दाजी होते. दाजी फोनवर हसत विचारताहेत, ‘काय हो वेळापत्रक, चुकली का गाडी?’

“एकटाच,” मी म्हणालो.

तिनं पास छापला. कागद गरम होता.

३

सुरक्षा तपासणीच्या रांगेत मी ठरवलं, गेटवर कुणाला तरी सांगू. गेटवर लोक आत चढत होते. मग ठरवलं, आत बसल्यावर फोन करू. कुणाला करणार? दादाचा फोन माझ्या मांडीवर होता. मग दरवाजे बंद झाले. माणूस किती टप्प्याटप्प्यानं हलकट होतो हे मला त्या दिवशी कळलं. एकदम झालो असतो तर बहुतेक झालोच नसतो.

माझी खिडकी होती. शेजारची दादाची सीट रिकामी होती. पलीकडे, मधल्या वाटेच्या कडेला, एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या.

हवाईसुंदरी पट्टे तपासत आली. आमच्या रांगेशी थांबली, मधल्या सीटकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढे गेली.

मी पाहिलं. रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. आधीच्या प्रवाशानं उठताना लावून ठेवला असेल, सफाईवाले तसा लावतात, असं मी स्वतःला समजावलं. पण ते लावतात तेव्हा पट्टा सीटवर सपाट पडलेला असतो. हा सैल होता. पोटाएवढा सैल, आणि खाली पडत नव्हता.

थोड्या वेळानं ती पाणी घेऊन आली. मला ग्लास दिला, आणि दुसरा भरता भरता थांबली.

“राहू दे, झोपलेत ते,” ती हळू आवाजात म्हणाली. “उठले की सांगा.”

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर मला विचारावं लागलं असतं, कोण झोपलंय. आणि तिनं उलट विचारलं असतं, मग ही सीट कुणाची.

मी सगळा प्रवास खिडकीबाहेर पाहत काढला. विमानाची घरघर तर असतेच. त्यात मधूनच एक ‘टक्’ होता. जुनं विमान असेल, असंही मी स्वतःला म्हणालो.

४

दाजी बाहेर कठड्याला टेकून उभे होते. मी वाक्य तयार ठेवलं होतं. ‘दादाला जरा बरं वाटेना, म्हणून त्याला तिथल्या हॉटेलात ठेवलं, उद्या येतोय.’ ते जिभेवर घोळवत मी पुढे झालो.

“या, या!” दाजींनी हात उंचावला, पण ते माझ्यामागे पाहत होते. “काय दादा, दमलात का?”

माझ्यामागच्या काचेच्या दारातून दादा येत होता. डावा पाय ओढत, छातीशी ती मोठी बॅग दोन्ही हातांनी कवटाळून.

मला काय वाटलं ते सांगतो. भीती नाही वाटली. ती पुढे वाटली. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला काही सांगायला नको.

दाजी गाडी आणायला गेले तेव्हा मी विचारलं, “तू कसा आलास?”

“तू आलास तसाच,” तो म्हणाला.

“पण तुझं ओळखपत्र माझ्याकडे आहे.”

तो कुणी बोलवायची वाट पाहत असल्यासारखा रस्त्याकडे बघत राहिला. त्याला बहुतेक कुण्या भल्या माणसानं मदत केली असेल, म्हातारा माणूस म्हणून सोडलं असेल, मला झोप लागली असेल आणि तो शेजारी येऊन बसला असेल. मी एकेक कारण लावत गेलो. कवळी बसत नसली की घासून घासून बसवतो, तसं.

घरी ताईनं त्याला जवळ बसवलं. तो बसला. मी जेवायला हाक मारली तर हलला नाही. “ऊठ, दादा,” असं म्हटल्यावर उठला. ताटावर बसला, पण “जेव” म्हणेपर्यंत घास उचलला नाही. बॅग मांडीवरच होती.

“अरे, ती ठेव की खाली,” ताई म्हणाली.

“घेऊन बाहेर यायचंय,” तो म्हणाला.

ताई हसली. उद्याच्या काळजीत तिला दुसरं काही दिसत नव्हतं. मला मात्र फ्रीजची घरघर ऐकू येत होती. मी उठून पाणी प्यायच्या निमित्तानं फ्रीजजवळ गेलो. फ्रीज शांत होता. आवाज दादाच्या खुर्चीकडून येत होता.

५

सकाळी दवाखान्यात ताईला आत न्यायच्या आधी दादा तिच्या उशाशी होता. काचेच्या दारातून मला दोघं दिसत होती. ती काहीतरी सांगत होती, तो तिचा हात धरून ऐकत होता. दाजी कागदांवर सह्या करायला गेले होते.

माझ्या सॅकमध्ये दादाचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

“हॅलो? मी विमानतळावरून बोलतेय,” बाईचा दमलेला, कामातला आवाज होता. “सामान येतं ना, त्या हॉलची सफाई माझ्याकडे असते. इथे चार नंबरच्या पट्ट्यापाशी एक आजोबा बसलेत. काल दुपारपासून. उठतच नाहीत. भाऊ यायचाय म्हणतात. हा नंबर त्यांच्या बॅगेच्या झाकणावर आतून लिहिलेला सापडला. तुम्ही ओळखता का त्यांना?”

तिच्या मागे पट्टा फिरत होता. मी तो ऐकला. घरघर, मग ‘टक्’.

काचेपलीकडे दादानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. नजर साधी होती. काउंटरवरच्या त्या मुलीनं पाहिलं होतं ना, तशी. तुम्ही एकटे, की थांबताय?

‘हो’ म्हटलं असतं तर पुढे काय काय सांगावं लागलं असतं! ताईला आत नेत होते. आणि दादा तर इथे होता, सगळ्यांना दिसत होता.

“राँग नंबर,” मी म्हणालो.

“अहो, पण ते काही खात नाहीत...”

मी फोन बंद करून टाकला.

६

गाठ निघाली, साधीच होती. तिसऱ्या दिवशी ताई घरी आली. दादा तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून होता. रात्री झोपायला सांगावं लागे, सकाळी उठायला. त्यानं मला एकदाही हाक मारली नाही.

कवळ्यांचं अर्जंट काम आलंय अशी थाप मारून मी निघालो आणि त्या मधल्या विमानतळाचं तिकीट काढलं. त्या हॉलमध्ये बाहेरून जाता येत नाही, विमानातून उतरूनच जावं लागतं.

चार नंबरचा पट्टा बंद होता. समोरच्या लोखंडी खुर्च्यांपैकी एकीवरच बसून बसून घासल्याची चकाकी होती. तिच्यावर कुणी नव्हतं. हात लावला तर ती कोमट होती.

निळ्या कोटातली एक बाई ढकलगाडीवरचा मॉप पिळत होती. मी तिला विचारलं. फोनवरचा माझा आवाज तिनं ओळखू नये म्हणून तो मुद्दाम जाड काढला, हे सांगायलाही लाज वाटते.

“ते आजोबा? गेले की,” तिचा चेहरा उजळला. “त्यांचा भाऊ आला. बिचारा धापा टाकत आला. अहो, पाटी असते ना तिथे, परत आत येऊ देत नाहीत. तो पहारेकऱ्याच्या पाया पडला म्हणे. विमान गेलं तर गेलं, म्हणाला. आजोबांच्या गुडघ्याशी बसला आणि रडला. मोठा बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा.”

“कधी?” मी विचारलं.

ती गोंधळली. “आत्ताच की. म्हणजे... त्याच दुपारी. नाही, आत्ताच हो. माझी पुसायची एक फेरी व्हायच्या आधी.” मग तिनं मॉपच्या दांड्यानं दाखवलं. “ते काय, जाताहेत बघा.”

हॉलच्या टोकाला काचेची भिंत होती आणि तिच्यापलीकडे बाहेर जाणारा लांब बोळ. बोळात एक चाकाची खुर्ची जात होती. खुर्चीत दादा होता. मला पाठमोरं डोकं दिसत होतं, मानेवरचे ते कधीच नीट न कापलेले केस. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचीही पाठच दिसत होती. त्यानं माझा शर्ट घातला होता. त्या दिवशीचा, बाहीवर प्लास्टरचा डाग असलेला. तो शर्ट मी तेव्हा ताईच्या घरी धुवायला टाकून आलो होतो.

तो खाली वाकून दादाच्या कानाशी काहीतरी बोलला. दादा हसला. काचेतून आवाज आला नाही, पण खांदे हलले. असा तो कधी हसतो ते मला माहीत आहे. कुणी खरंच त्याचं असलं, तरच.

मी धावलो असतो तर त्यांना गाठलं असतं. दार वीस पावलांवर होतं. मी धावलो नाही. तो माणूस वळेल आणि मला पाहील, याची मला भीती वाटली. तो मला काही करेल म्हणून नाही. तो मला ओळखेल म्हणून.

बोळ वळला तशी आधी खुर्ची दिसेनाशी झाली, मग त्याची पाठ.

“तुम्ही त्यांचे कोण?” बाईनं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत होती.

“कुणी नाही,” मी म्हणालो. या वेळी ते खोटं वाटलं नाही.

७

मी परत ताईकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. काउंटर, दारावरची पाटी, राँग नंबर, काचेपलीकडचे ते दोघं. दादा तिथेच, पलंगाशेजारी, बॅग मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्यासमोरच सांगितलं.

ताई बराच वेळ चादरीची कड दुमडत राहिली.

“मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं,” ती म्हणाली. “दादा आजाऱ्याशेजारी असा गप्प बसेल होय? त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या, इतके दिवस दुखणं अंगावर काढलं म्हणून.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? मी आत जाताना कुणीतरी माझा हात धरून बसलं होतं. तो कोण, ते मला सांगू नकोस. तू दाराबाहेर उभा होतास, एवढं मला दिसलं.”

दादाच्या घरी फोन लावून बघ, असं ती म्हणाली नाही आणि मीही लावला नाही. त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. परत आल्यापासून मी त्या बाजूला जात नाही. संध्याकाळी तिथे दिवा लागतो, असं शेजारी म्हणतात. दोघांचं बोलणं ऐकू येतं म्हणतात.

ताईच्या पलंगाशेजारी बसलेल्या याला मी माझ्याकडे आणलं. ताई म्हणाली, तुझ्याबरोबर आलाय, तूच ने. आता तो माझ्या कामाच्या खोलीत खिडकीजवळ बसतो. मी त्याला जेव म्हणतो, झोप म्हणतो, गुडघ्याला तेल लावतो. गुडघा तसाच आहे, तोच सुजलेला, तोच व्रण. मी विमानाची तिकिटं काढणं सोडलं. नात्यातले विचारतात, तर डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगतो.

गेल्या आठवड्यात दुपारी मी त्याच्या पायाशी बसून तेल चोळत होतो. खाली मान घालूनच विचारलं, “दुखतंय का रे, दादा?”

त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी वर पाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते आणि तो अगदी अदबीनं, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलला.

“तुम्ही फार करताय हो माझ्यासाठी. कोण कुणाचं एवढं करतं? माझा धाकटा भाऊ यायचाय मला न्यायला. आला की त्याला सांगेन मी तुमच्याबद्दल.”